बारशाच्या दिवशी गणिताचा पेपर

माझ्या मोठ्या बहिणीवर, शालिनीवर, अन्याय झाला. एकोणीसशे एक्याण्णव सालच्या मार्चमधल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, बंगळुरात, राजाजीनगरातल्या आमच्या राहत्या घरी. त्या तीन तासांत तिचा दहावीचा गणिताचा पेपर होता आणि घरात बारसं होतं. ती बारशाला हजर राहिली. अन्याय करणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता. सगळे परीटघडीचे कपडे घालून आले होते, घरभर तुपाचा वास होता, आणि मीही त्यांच्यातच होते. मी तेरा वर्षांची होते. तेराव्या वर्षी माणसाला तोंड असतं, म्हणून वयाची सबब मी स्वतःला देत नाही.

आठ वर्षं झाली. मार्च आला की आमच्या रस्त्यावरचा होंगे, म्हणजे आपला करंज, जुनी पानं झाडून टाकतो आणि आठवड्याभरात पोपटी होतो. त्याची फुलं चुरमुऱ्यांसारखी पायवाटेवर पडतात. त्या चुरमुऱ्यांवरून छातीशी पॅड धरलेल्या मुली शाळेकडे जातात, ओठ हलत असतात, पाठांतर चाललेलं असतं. आम्ही पाच-सहा जणी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहून पत्रकं वाटतो. घेणारे घेतात, चौघडी घालून खिशात टाकतात. पत्रकात बारा ओळी मावतात. त्यात मागण्या असतात: परीक्षेच्या दिवशी मुलीला घरकामाला ठेवू नका, अशा. अंघोळीचं पाणी, सारू-भात, वेणी, चिंचोका हे काही त्यात बसत नाही. ते बाहेर राहिलेलं इथे लिहिते आहे, कारण ते सांगितल्याशिवाय मागणीला अर्थ नाही.

खाली आम्ही राहायचो, वर काका-काकू. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, शिवणकामाचं दुकान होतं. दादा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होता, उजाडायच्या आत बस पकडायचा. दादा-वहिनीची तीन मुलं: नंदू आणि चंदू ही चार वर्षांची जुळी, आणि अडीच वर्षांची सोनी. काकूंची टेलिफोन ऑफिसात नोकरी, म्हणून त्यांचा सहा वर्षांचा मधू सकाळी शाळेआधी आणि दुपारी शाळेनंतर खाली सोडला जायचा. वहिनीला चौथं मूल होणार होतं आणि तिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर निघायची नाही. उरलं कोण? शालिनी. चार पिढ्या या गावात काढल्यामुळे आमच्या घरात ताई हा शब्दच नाही, मी तिला अक्का म्हणायची. नात्याने ती त्या तिघांची आत्या, पण ती तिघंही माझं ऐकून तिला अक्काच म्हणत. मधूही. अक्का सोळा वर्षांची होती आणि वर्गात गणितात पहिली होती.

आता खरं सांगायचं तर ते घर आनंदाचं होतं. तांब्याच्या हंड्याखाली नारळाच्या झावळ्या जळताहेत, न्हाणीघरात धूर कोंडलाय, आणि चौघं उघडीनागडी भिंतीला पाठ लावून ओळीने उभी आहेत, अंगाला तेल, डोळे मिटलेले. अक्का तांब्या उचलते आणि म्हणते, "ओंदु." पहिल्याच्या डोक्यावर पाणी. "एरडु." दुसऱ्याच्या. कन्नडमधले एक-दोन ती चौघं अशी शिकली, अंगावर कढत पाणी पडत असताना. नंदू आपला तांब्या झाला की गुपचूप ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहायचा आणि पुन्हा भिजून घ्यायचा. अक्का न बघता म्हणायची, "चार जणांना पाच तांब्ये गेले. कोण चोर?" नंदू हात वर करायचा. दर वेळी. त्याला वाटायचं, अक्काला पाठीला डोळे आहेत. पाठीला डोळे नव्हते, हिशेब पक्का होता.

जेवण एका ताटात. मोठं पितळी ताट, सारू-भात, म्हणजे आपला सार-भात, कालवून त्याचे मुठीएवढे गोळे काठाला मांडलेले, आणि प्रत्येक गोळ्याला नाव. हा हत्ती, हा बसवाला अण्णा, हा दुकानातले अप्पा. मधूला नेहमी अप्पाच खायचे असायचे, त्यावरून मारामारी. मग अक्का अप्पांचे चार समान भाग करायची. "अप्पा भागिले चार," ती म्हणायची आणि आई आतून ओरडायची, "शालू, बापाचं नाव आहे ते, स्वल्प तरी मान ठेव."

आणि सोनी. सोनीला दुपारी झोपताना मुठीत अक्काची वेणी लागायची. खेळणं नको, पदर नको, वेणी. मूठ सैल झाली की उठून बसायची. त्यामुळे अक्का दुपारचे दोन तास जमिनीवर बसून, मान एका बाजूला वाकवून, भूमितीचं पुस्तक पायांच्या बोटांनी धरून अभ्यास करायची. वाकड्या मानेने वाचलेली प्रमेयं तिला तशीच वाकडी आठवतात, असं ती हसत सांगायची. संध्याकाळी मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ती खडूने गणितं करायची. अप्पांचा कापडावर आखायचा खडू, चपटा, निळा. दगड भरला की बादलीभर पाणी ओतायचं, दगड कोरा. चौघं त्या निळ्या पाण्यात पाय आपटायची आणि घरात निळी पावलं उमटवत पळायची. अक्का फडकं घेऊन मागे.

हे सगळं मी आनंदाचं म्हणून सांगते आहे, कारण ते होतंच तसं, आणि इथेच माझा संताप आहे. मारझोड असती, उपास असते, तर कुणीतरी शेजारचं उठून बोललं असतं. आमच्याकडे हसू ऐकू यायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, काय गोकुळ आहे. त्या गोकुळाला एक सोळा वर्षांची मुलगी जुंपलेली आहे, हे हसण्याच्या आवाजात कळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही हे समजू शकते. आतल्यांना कळलं नाही, आणि आतली मी होते. मला शाळेतून आल्यावर दप्तर फेकून खेळायला जाता यायचं. का जाता यायचं, हे मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी पाडव्याच्या सकाळी वहिनीला मुलगा झाला. दवाखान्यातून दोघं चौथ्या दिवशी घरी आली. दहावीचा पहिला पेपर भाषेचा, सोमवारी. आमच्या शाळेला परीक्षेमुळे सुट्टी होती, मधूच्याही. आई बाळंतिणीच्या खोलीत, अक्का पेपरला, म्हणून तीन तासांसाठी चौघं माझ्या ताब्यात आली. अक्काने जाताना मला सगळं सांगितलं होतं: दहाला दूध, अकराला चुरमुरे, साडेअकराला सोनीला झोपव. मी मान डोलावली. दहाला मी दूध दिलं. साडेदहाला नंदू आणि चंदूने चड्ड्यांची अदलाबदल केली आणि कोण नंदू हेच मला कळेना. सोनीने माझे केस चाचपले. माझा बॉबकट होता. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला फसवलं, आणि मग तिने जो सूर लावला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मी तिला घेऊन अंगणात फिरत होते तेवढ्यात मधूने नंदूच्या नाकात चिंचोका घातला. मागाहून विचारलं तर म्हणाला, "जातो का ते बघत होतो." गेला होता.

काकांना वरून बोलावलं, रिक्षा आली, डॉक्टरांनी चिमट्याने चिंचोका काढला. नंदू तो पुडीत बांधून अभिमानाने घरी घेऊन आला. फार काही झालं नाही. पण घरातल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं. आई म्हणाली, काका म्हणाले, संध्याकाळी कामावरून आल्यावर दादाही म्हणाला, "शालू असती तर हे झालं नसतं." मी रडत होते म्हणून मला वाटलं, हे मला बोलताहेत. ते मला नव्हतंच. ते अक्काला होतं. एका चिंचोक्याने घराने ठरवून टाकलं की ही मुलगी घरातून तीन तास हलता कामा नये. दादा त्या घरात चार मुलांचा बाप होता. त्याने रजा काढावी, हे कुणाच्या मनात आलं नाही. दादाच्याही नाही.

त्याच संध्याकाळी गुरुजी आले. बाराव्या दिवशी बारसं, म्हणजे गुरुवार. त्यांनी पंचांग उघडलं, बोट फिरवलं. "दहा वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त उत्तम. आत्या कोण?"

"ही काय, शालू," आई म्हणाली.

आमच्याकडे नाव आत्याने ठेवायचं. बाळाला पाळण्यात घालून त्याच्या कानात नाव सांगायचं, ते आधी बाळाला कळतं, मग जगाला. आमची सर्वांत थोरली बहीण हुबळीला दिलेली, तिला यायला जमणार नव्हतं. म्हणून शालू.

अक्का दारात उभी होती, कडेवर सोनी. म्हणाली, "गुरुवारी माझा गणिताचा पेपर आहे. साडेबाराला सुटतो. पाऊण वाजता नाही का चालणार, गुरुजी?"

गुरुजींनी पुन्हा पंचांग बघितलं. माणूस प्रामाणिक होता. "चालेल तसं. राहुकाळ दीडनंतर आहे. पण पाऊण वाजता मला मल्लेश्वरात वास्तुशांत आहे."

म्हणजे ग्रह मोकळे होते. गुरुजी मोकळे नव्हते. हे वाक्य मी पत्रकात घालायला निघाले होते, मैत्रिणींनी कापलं, लोक चिडतील म्हणाल्या. चिडू देत.

आतल्या खोलीतून वहिनी आईला म्हणाली, "पाचव्या आठवड्यात केलं तरी चालतं ना आत्याबाई? माझ्या माहेरी करतात." बाळंतिणीच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं असतं. तिचं बोलणं अर्धंच बाहेर आलं आणि तिथेच राहिलं.

मग अप्पा बोलले. अप्पा सहसा बोलत नसत, गळ्यात टेप आणि तोंडात टाचण्या असायच्या. त्यांनी टाचण्या काढल्या आणि म्हणाले, "परीक्षा सप्टेंबरातही असते. बाळाचा बारावा दिवस सप्टेंबरात येतो का?"

सगळे हसले. बिनतोड होतं ते. काका म्हणाले, "सरी, ठीक आहे, झालं मग." अक्काही हसली, ते मी विसरलेले नाही. ती गणितातली मुलगी होती, तिला कळलं की बेरीज झालेली आहे.

आता माझं. मीही आत्याच होते. तेरा वर्षांची, पण आत्या. बाळाच्या कानात दोन अक्षरं सांगायला दहावी पास लागत नाही. मी नुसतं म्हणायचं होतं, "मी ठेवते नाव." कुणी मला विचारलं नाही, हे खरं. पण मी गप्प बसले त्याचं कारण ते नव्हतं. मला भीती होती की अक्का पेपरला गेली तर चौघं पुन्हा माझ्या गळ्यात पडतील. मी सोनीच्या रडण्याला घाबरले आणि बहिणीचं वर्ष दिलं.

गुरुवारी सकाळी अक्काने चौघांना न्हाऊ घातलं. मोजून चार तांब्ये. जुळ्यांना एकसारखे रेशमी झब्बे घातले, मधूचा भांग पाडला, सोनीला कानातलं घातलं. मग स्वतः आईची जांभळी साडी नेसली, तिची पहिली. साडेनऊला कोपऱ्यावरच्या शाळेची घंटा झाली. ती आमच्या अंगणात ऐकू येते. अक्का तेव्हा घुगऱ्यांच्या पातेल्यात मीठ टाकत होती. चमचा पातेल्यावर थांबला, मग तिने पुन्हा एकदा मीठ टाकलं. त्या दिवशी घुगऱ्या खारट झाल्या. तरी पाहुण्यांनी सगळ्या संपवल्या.

घरात पन्नास माणसं. त्यातले निम्मे पुरुष, बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर, पंख्याखाली. दादाने रजा काढली होती. बारशासाठी मिळते. तो खुर्चीवर बसून आलेल्यांना सांगत होता, "नाही हो, पोरांचा काही त्रास नाही, शालू आहे ना." चंदू त्याच्या मांडीवर चढायला गेला तर त्याने नव्या पँटची इस्त्री वाचवत हाक मारली, "शालू, ह्याला घे गं जरा."

दहा बाराला अक्काने बाळाला पाळण्यात घातलं आणि वाकून त्याच्या कानात म्हणाली, "अमोल." आता पद्धत अशी की आत्या नाव सांगायला वाकली की बाकीच्या बायकापोरांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. थट्टाच ती. कुणी हळू घालतं, कुणी उट्टं काढतं. सगळ्यांनी घातले. मावश्यांनी, शेजारच्या बायकांनी, नंदू-चंदूने, मधूने तर दोन्ही हातांनी. मीही घातला. जोरात. ती वाकलेली होती आणि लवकर सरळ झाली नाही. झाली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि सगळ्या म्हणाल्या, "अगं बाई, जास्तच लागलं वाटतं हिला."

एक वाजता गीता आली. पलीकडच्या घरातली, अक्काच्या बाकावरची. पॅड हातात, बोटांना शाई. दारातल्या चपला बघून थबकली आणि मागच्या अंगणात आली. "याके बरलिल्ल, शालिनी? मिस तीनदा विचारत होत्या," कन्नड-मराठीची खिचडी करत ती म्हणाली. "का नाही आलीस?"

"बारसं होतं," अक्का म्हणाली. ती पत्रावळी गोळा करत होती.

गीताने प्रश्नपत्रिकेची घडी उलगडली. म्हणाली, "सुलभ होता गं पेपर," आणि लगेच तिला आपण काय बोललो ते कळलं. प्रश्नपत्रिका धुण्याच्या दगडावर ठेवून ती पळाली.

पाहुणे गेल्यावर, ऊन उतरल्यावर, अक्काने जांभळ्या साडीचा पदर खोचला आणि निळा खडू घेतला. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. सोनी पाठीला चिकटलेली, वेणी मुठीत. दगड भरला की अक्का मला म्हणायची, "ओत." मी बादली ओतायची. आठ बादल्या लागल्या. शेवटचं प्रमेय होतं, ते तिने आकृतीसकट काढलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मागे सरून बघत राहिली. चौघं निळ्या पाण्यात नाचत होती. मी विचारलं, "बरोबर आले का?"

"सगळे," ती म्हणाली. "ओत."

निकालपत्रात गणितासमोर आकडा नव्हता, 'गैरहजर' असा शेरा होता. सप्टेंबरात परीक्षा असते हे अप्पांचं बरोबर होतं. सप्टेंबरात चौघांना एकामागून एक गोवर आला. घरभर कडुलिंबाचे डहाळे, अंधाऱ्या खोलीत चार गाद्या, आणि मधोमध अक्का. कुणी तिला जाऊ नको म्हटलं नाही. तशी वेळच आली नाही. पुढच्या मेमध्ये तिचं लग्न झालं.

आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात. पण कशी सांगतात ते ऐका. आई सांगते, "आमच्या शालूने दहावीचा पेपर सोडला, पण आत्याचा मान सोडला नाही." ऐकणाऱ्या बायका माना डोलावतात. कौतुकाने. अन्याय करून झाला की त्यावर कौतुकाची साय धरते, मग तो अन्याय वाटतच नाही, वळण वाटतो. आईशी मी भांडले आहे. ती म्हणते, "मी चौथीत शाळा सोडली. माझं काय वाईट झालं?" यावर काय बोलायचं? तुझं वाईट झालं, आई. एवढंच बोलायचं. तेही मी तिच्या तोंडावर बोलले आणि ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हाही मीच वाईट ठरले.

अक्का आता हेब्बाळला असते. तिला दोन मुलं आहेत, आणि दुपारी शेजारणींची तीन येतात, कारण सगळ्यांना माहीत आहे की हिच्याकडे मुलं छान राहतात. गेल्या वर्षी मी बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज तिच्याकडे नेला. एकच विषय राहिलाय, म्हटलं. तिने अर्ज पूर्ण वाचला, मागच्या बारीक अक्षरासकट. मग म्हणाली, "तीन तास ह्यांना कोण बघणार?"

"भावजी बघतील."

ती हसली. भावजी चांगले आहेत. पण मुलं पायात आली की ते वर्तमानपत्र उंच धरतात. मी म्हटलं, मी बघते. ती म्हणाली, "तू? नाकात चिंचोका गेला तर?" आणि आम्ही दोघी खूप हसलो, पोट दुखेपर्यंत. बसमध्ये बसल्यावर मला समजलं की तिने नाही म्हटलं आहे. या वर्षीही अर्जाची मुदत गेली.

मी हा लेख लिहिते आहे, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "लिही. पण पोरांविषयी वाईट लिहू नकोस. त्यांचं काय चुकलं?" त्यांचं काहीच चुकलं नाही. ती गोड होती. अमोल आठ वर्षांचा आहे आणि दिवाळीला अक्का आली की तिला सोडत नाही. मुलं गोड असतात म्हणून तर मोठ्यांना पळ काढता येतो. जबाबदारी कडू असती तर तिची वाटणी तरी झाली असती.

तेव्हा आता तुम्ही, हे वाचणारे. माझ्या आईला सुनावून झालं, दादाला झालं, मला स्वतःला झालं. तुमचं राहिलं. पुढच्या महिन्यात दहावीची परीक्षा आहे. तुमच्या घरात, नाहीतर भिंतीपलीकडच्या घरात, एक मुलगी आहे जिच्याकडे मुलं छान राहतात. तिचं कौतुक करू नका. तिच्याकडून वेळापत्रक मागून घ्या आणि साखरपुडा, बारसं, वास्तुशांत काय असेल ते त्या तारखांपासून दूर न्या. तुम्ही बाप असाल, भाऊ असाल, काका असाल, तर रजेचा अर्ज आजच लिहा, आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहा: मूल सांभाळायचे आहे. मग त्या दिवशी तिच्या कडेवरचं मूल घ्या. ते रडेल. रडू द्या. तीन तास त्याला घेऊन अंगणात फिरत राहा, आणि ते कितीही रडलं तरी तिला हाक मारू नका.